जपानला निघालोय, पण दोघांची ताटं वेगळी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्याच्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ५९, नुकत्याच निवृत्त झाल्या. माहेर अलिबागकडचं, त्यामुळे लहानपण मासळीवर गेलं. सासर पूर्ण शाकाहारी, म्हणून लग्नानंतर मासे खाल्ले ते फक्त माहेरी गेल्यावर. ऑक्टोबरअखेर त्या, त्यांचे यजमान आणि मुलगी असे तिघं दहा दिवसांसाठी टोकियो, क्योतो, ओसाका असं फिरायला निघाले आहेत. यजमानांना दूध-दही चालतं, अंडंसुद्धा चालत नाही. त्यांचं म्हणणं, "सोबत महाराज नेणाऱ्या टूरनेच जाऊ, नाहीतर बारा किलो खाणं बरोबर घेऊ आणि तू खोलीवर भात लाव." मुलीचं म्हणणं, "सूपमध्ये जरासं माशाचं पाणी असतं, बाबांना सांगायचं कशाला?" ताई विचारतात, "मला तिथलं खरं जेवण जेवायचं आहे. एकदा साकेही, म्हणजे तिथली तांदळाची दारू, चाखायची आहे. गोमांस मात्र अजिबात नको, त्याची भीती वाटते. ह्यांचे हाल करून मी चवीने खाणं बरं दिसेल का? की या वयात ही हौस सोडून द्यावी?"

ताई,

हौस सोडू नका. महाराजांच्या टूरनेही जाऊ नका, निदान केवळ जेवणाच्या धास्तीने तरी नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट तिघांनीही गृहीत धरली आहे: एकत्र प्रवास म्हणजे तिन्ही वेळा एका टेबलावर, एकच जेवण. घरी ते ठीक आहे. जपानमध्ये हाच आग्रह धरलात तर कोणीतरी एक जण रोज उपाशी उठेल किंवा मन मारेल. दहा दिवसांत साधारण वीस मोठी जेवणं होतात. त्यातली सात-आठ दोघांनाही मनापासून आवडतील अशी जुळवता येतात. उरलेल्या जेवणांना ताटं वेगळी राहू द्या, गरज पडली तर टेबलंही.

आधी मुलीच्या सल्ल्याबद्दल, कारण तो मला सगळ्यात जास्त खटकला. न सांगता खाऊ घालायचं नाही. "कळणार आहे का" हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्या माणसाने आयुष्यभर एक नियम पाळला, त्याचा नियम त्याच्या नकळत दुसऱ्याने मोडायचा नसतो. आणि कळतंही. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपचा पहिला घोट घेताच माशाचा धुरकट वास येतो, आणि एकदा संशय आला की पुढचे नऊ दिवस यजमान फक्त केळी आणि बिस्किटं खातील. त्यापेक्षा निघण्यापूर्वी त्यांना नीट सांगा की दाशी म्हणजे काय, आणि रेषा कुठे ओढायची ते त्यांनाच ठरवू द्या.

दाशी हा जपानी स्वयंपाकाचा पाया. कोम्बु नावाची समुद्री वनस्पती आणि कात्सुओबुशी, म्हणजे उकडून, धुरावर वाळवलेल्या माशाचे कागदासारखे पातळ काप, यांचं हे पाणी. कधी त्यात निबोशी, म्हणजे सुकवलेले छोटे मासे असतात. मिसो सूप, उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स) आणि सोबा (कुट्टूच्या नूडल्स) यांचं सूप, भाज्यांची उकड, तेंपुराबरोबरची (तेंपुरा म्हणजे तिथली भजी) पातळ चटणी, गुंडाळलेलं ऑम्लेट, सगळ्यात हे असतं. पदार्थात मासा कुठे दिसत नाही, म्हणून वाढणाराही प्रामाणिकपणे "यात मासा नाही" म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या लेखी तो मासा नसतोच. आणि इथे बहुतेक शाकाहारी प्रवासी फसतात: ते दाशी "काढून" द्यायला सांगतात. सकाळीच मोठ्या पातेल्यात झालेलं ते पाणी असतं. झालेल्या आमटीतून फोडणी काढून घेता येत नाही, तसंच हे. म्हणून जपानमध्ये पदार्थात बदल मागत बसू नका, जागा आणि पदार्थ योग्य निवडा. वरून भुरभुरवलेली गोष्ट मात्र ते आनंदाने वगळतात. थंड टोफूवरचे माशाचे काप नको असतील तर "कात्सुओबुशी नुकी दे" एवढं म्हणा, काम होतं.

यजमानांना दाशीची ओळख घरीच करून द्या, शाकाहारी दाशीची. एक लिटर पाण्यात साधारण १० ग्रॅम कोम्बु आणि तीन-चार सुके शिइताके मशरूम घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी मंद आचेवर तापवा आणि उकळी फुटायच्या आत कोम्बु बाहेर काढा, नाहीतर पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं. एका वाटीला, म्हणजे २०० मिलिलिटरला, एक सपाट मोठा चमचा मिसो, तोही गॅस बंद करून विरघळवायचा. उकळला की वास उडून जातो. मिसो घेताना पाकिटावरचे घटक वाचा, काही मिसोत माशाची दाशी आधीच मिसळलेली असते. हे सूप त्यांना आवडलं तर तिथे काय शोधायचं ते त्यांना कळेल. नाही आवडलं तर तेही इथेच कळलेलं बरं.

आता कार्ड. "व्हेजिटेरियन" हा शब्द जपानमध्ये ओळखीचा आहे, पण त्याचा अर्थ माणसागणिक बदलतो. "निकु", म्हणजे मांस, खात नाही म्हटलं तर हॅमचे तुकडे किंवा कोंबडी येऊ शकते. म्हणून प्रत्येक गोष्ट नावाने लिहिलेलं जपानी कार्ड करून घ्या, जपानी चांगलं येणाऱ्या माणसाकडून. मजकूर असा असावा: "मी गाय, डुक्कर, कोंबडी, मासे, कोळंबी-शिंपले आणि अंडी खात नाही. कात्सुओबुशी आणि माशाची दाशीही चालत नाही. कोम्बु आणि शिइताकेची दाशी चालते. दूध चालतं. असं काही देता येणार नसेल तर तसं सांगा, आम्हाला वाईट वाटणार नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. तिथल्या वाढणाऱ्याला पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं फार जड जातं, त्या वाक्याने त्याची सुटका होते आणि तुम्हाला खरं उत्तर मिळतं. कार्ड बसण्यापूर्वी, दारातच दाखवायचं. तुमचं स्वतःचं दुसरं, छोटं कार्ड करा: "मी गोमांस आणि गोमांसाचा अर्क खात नाही. मासे चालतात." डुकराचं मांस नको असेल तर तेही त्यात घाला, कारण तुम्ही ते पत्रात लिहिलेलं नाही आणि जपानमध्ये ते जागोजागी आहे.

ॲलर्जीच्या तक्त्यावर विसंबू नका. जपानी कायद्याने पाकिटावर सक्तीने दाखवायच्या ॲलर्जीकारक पदार्थांत अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड अशी नावं आहेत. गोमांस, डुक्कर, कोंबडी, मासे त्या सक्तीच्या यादीत येत नाहीत. म्हणून फोनचा कॅमेरा थेट घटकांच्या यादीवर धरून भाषांतर वाचायचं. "कात्सुओ एकिसु" म्हणजे त्या माशाचा अर्क, "ग्योकाई एकिसु" म्हणजे मासे-शिंपल्यांचा अर्क, "पोर्क एकिसु" आणि "चिकन एकिसु" कळतातच, "राडो" म्हणजे डुकराची चरबी, "झेराचिन" म्हणजे जिलेटिन.

यजमानांची सगळ्यात सुंदर जेवणं बौद्ध मठांच्या परंपरेत आहेत. तिला शोजिन र्‍योरी म्हणतात. मांस-मासे नाहीत, दाशी कोम्बु-शिइताकेची, आणि परंपरेने कांदा-लसूणही नाही. (जैन वाचकांसाठी: मुळा, गोबो, कमळकंद यांसारखी कंदमुळं मात्र त्यात भरपूर असतात.) क्योतोच्या आराशियामा भागात तेनर्‍यू-जी मंदिराच्या आवारात शिगेत्सु नावाची जागा आहे. तिथे दुपारी हे जेवण मिळतं. आधी नोंदणी करा आणि बागेचं प्रवेश तिकीट वेगळं लागतं हे लक्षात ठेवा. लाल ताटात सात-आठ लहान वाट्या येतात: तिळाचं गोमा-दोफु, उकडलेली भाजी, लोणचं, भात, सूप. गोमा-दोफुच्या नावात टोफू असला तरी त्यात सोयाबीन नसतं, तीळ आणि कुझु नावाच्या कंदाचं सत्त्व असतं. हे जेवण तुम्हालाही आवडेल. मासे खाणाऱ्यांनी ते तडजोड म्हणून खाऊ नये, जपानी स्वयंपाकाची नजाकत जितकी तिथे दिसते तितकी फार थोड्या ठिकाणी दिसते.

ओसाकाहून एक रात्र कोयासानला काढता आली तर अवश्य काढा. नाम्बा स्टेशनावरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कारने वर. कूकाई या भिक्षूने ९ व्या शतकात वसवलेला हा डोंगर; आज तिथली ५० च्या आसपास मंदिरं पाहुण्यांना राहायला जागा देतात. रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता दोन्ही शोजिन. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच वाढतात, उशिरा पोहोचणाऱ्यासाठी थांबत नाहीत, म्हणून चारपर्यंत पोहोचा. ऑक्टोबरअखेर पानांचे रंग बदलतात तेव्हा गर्दी असते आणि रात्री चांगलीच थंडी. दोन्ही गोष्टींची तयारी ठेवा.

शहरात रोजची सोय अशी. टोकियो स्टेशनच्या तिकीट फाटकाच्या आत, केइयो मार्गाच्या बाजूला टी'ज तानतान नावाचं रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं, दुकान आहे. तिथे मांस, मासे, अंडं, दूध काहीच वापरत नाहीत. क्योतोची शिंकानसेन (बुलेट ट्रेन) पकडण्यापूर्वी यजमान तिथे तिळाच्या रश्श्यातलं रामेन खातील आणि तुम्ही गाडीत खायला एकिबेन, म्हणजे स्टेशनवरचा डबा, घ्याल. वेळेचंही गणित जमतं. कोको इचिबान्या या करीच्या साखळीत बऱ्याच शाखांत प्राणिजन्य घटक नसलेला वेगळा शाकाहारी सॉस मिळतो. ऑर्डर देताना तोच मागून घ्या, कारण जपानच्या नेहमीच्या करीत, भाजीची करी म्हणून मिळणाऱ्यातसुद्धा, बहुतेक वेळा गोमांसाची किंवा डुकराची चरबी असते. स्वयंपाकघर एकच असतं, हेही यजमानांना आधी सांगा.

सुशीच्या दुकानात यजमान बसू शकतात, फक्त मोजकं खायचं. काकडीचा कप्पा-माकी आणि नात्तोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, रोल बरे, पण नात्तोत कधी कधी माशाच्या अर्काची चटणी आधीच कालवलेली असते, ते विचारा. कानप्यो, म्हणजे वाळवलेल्या दुधीच्या पट्ट्या, आणि इनारी, म्हणजे तळलेल्या टोफूच्या पिशवीतला भात, हे दोन्ही बहुधा दाशीत शिजवतात, ते टाळा. तेंपुराच्या पिठात अनेक ठिकाणी अंडं असतं आणि कोळंबीही त्याच तेलात तळतात, म्हणून तोही यजमानांसाठी नाही. एदामामे, म्हणजे मीठ लावलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, कुठेही मागवाव्यात. गोडात बरंच आहे: लाल वाटाण्यासारख्या आझुकीचं पुरण भरलेलं दाइफुकु, कानतेनवर, म्हणजे अगरवर, जमवलेलं योकान, सोयाबीनच्या भाजलेल्या पिठात घोळवलेलं वाराबिमोची. दोरायाकी आणि ताइयाकी या पुरण भरलेल्या केकांत मात्र बहुधा अंडं असतं. कोन्बिनीत, म्हणजे सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट यांसारख्या छोट्या दुकानांत, वाफेवरचा गरम आन-मान हा पाव पुरणाचा म्हणून घेतात, पण त्यात चरबी असू शकते. साध्या मिठाचा शिओ-मुसुबी भातगोळा मिळाला तर उत्तम. उमेबोशीचा, म्हणजे उमे या आंबट फळाच्या लोणच्याचा, घेताना घटक तपासा. भाजलेलं रताळं, याकि-इमो, थंडीच्या दिवसांत सुपरमार्केटच्या दारातच गरम मिळतं आणि एक मोठं रताळं म्हणजे एका वेळचं पोटभर खाणं.

बारा किलोंबद्दल. खोलीवर भात लावायचा बेत सोडून द्या. साध्या हॉटेलात स्वयंपाकाला परवानगी नसते आणि फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो. शिवाय जपानची वीज १०० व्होल्टची. आपला २३० व्होल्टचा कुकर तिथे लावलात तर त्याची ताकद पाचव्या हिश्शाहूनही कमी उरते. तांदूळ भिजत राहील, शिजणार नाही. स्वयंपाक करायचाच असेल तर स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्या. नाहीतर खोलीत किटली असतेच. कोन्बिनीत शिजलेल्या भाताचे बंद डबे मिळतात, विकत घेतल्यावर तेच तापवून देतात. त्यावर घरचं मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. दोन्ही पाव-पाव किलो, गरम पाण्यात होणारे उपमा-पोह्यांचे सात-आठ पुडे आणि थोडे ठेपले, एवढ्यात दहा दिवस सहज निघतात. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि मांसाचा कुठलाही पदार्थ नेऊ नका, विमानतळावर तपासणी कडक असते. आणि आपला डबा त्यांच्या हॉटेलात उघडायचा नाही, तिथे ते फार वाईट मानतात.

टोकियोत घरच्यासारखं जेवावंसं वाटलं तर तोझाई मार्गावरचं निशि-कासाई गाठा. एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीय कुटुंबांचा, त्यात मराठी माणसंही पुष्कळ; पुण्याहून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. एक संध्याकाळ तिथे, फार तर दोन. रोज तिथेच जाण्यात अर्थ नाही.

आता तुमचं ताट. हा भाग लिहिताना मला मनापासून आनंद होतो आहे, कारण अलिबागच्या मुलीला जपानमध्ये परकं वाटण्याचं काही कारण नाही. जपानी जेवण म्हणजे कच्चा मासा, ही समजूत आधी बाजूला ठेवा. तिथली रोजची मासळी भाजलेली असते. "शिओयाकी तेइशोकु" मागा: मीठ लावून भाजलेला मासा, भात, सूप, लोणचं, दुपारी साधारण १,००० ते १,५०० येन. "साबा" म्हणजे आपल्या बांगड्याच्या कुळातलाच, जरा जास्त तेलकट. "सावारा" सुरमईचा सख्खा भाऊ. क्योतोत तो गोडसर पांढऱ्या मिसोत मुरवून भाजतात, त्याला साइक्यो-याकी म्हणतात, तो सोडू नका. "इवाशी" म्हणजे तारली. ओसाका-क्योतोकडे "मानागात्सुओ" दिसला तर तो पापलेटच्या जातीचा. "आसारी नो साकामुशी" म्हणजे साकेत वाफवलेल्या शिंपल्या, तिसऱ्यांची आठवण येईलच. तुम्ही जाताय त्या दिवसांत "सान्मा" नावाचा लांब, चंदेरी मासा हंगामात असतो. तो आतड्यासकट भाजतात, पोटाकडचा भाग कडू लागतो. तो खराब नसतो. नको असेल तर बाजूला ठेवा.

भाजलेला मासा पानात उलटायचा नाही. वरची बाजू डोक्याकडून शेपटीकडे खाऊन घ्या, मग मधला काटा शेपटीकडून उचलून बाजूला ठेवा आणि खालची बाजू खा. बरोबर किसलेला मुळा येतो, त्यावर दोन थेंब सोया सॉस घालून माशाबरोबर घ्यायचा, तेलकटपणा कापला जातो. भाताची वाटी हातात उचलून खाणं तिथे रीतीला धरून आहे. चॉपस्टिक भातात उभ्या खुपसायच्या नाहीत आणि चॉपस्टिकने चॉपस्टिकला घास द्यायचा नाही, दोन्ही अंत्यविधीतल्या गोष्टी आहेत.

कच्चा मासा खायचा तर फिरत्या पट्ट्याच्या सुशीच्या दुकानात सुरुवात करा. एका थाळीत बहुधा दोनच घास असतात, एक आवडला नाही तर फारसं नुकसान नाही. पहिल्यांदा शिजवलेले घ्या: आनागो (वाम), उकडलेली कोळंबी. मग मागुरो, म्हणजे कुपा, आणि सामन. सुशी हाताने खाल्लेली चालते. सोया सॉस माशाच्या बाजूला लावा. भात बुडवला तर तो फुटतो आणि खारट होतो. वासाबी नको असेल तर "साबी नुकी" म्हणा. एक खबरदारी: साबा, सान्मा आणि माकूळ कच्चे असतील तर त्यांत आनिसाकिस नावाची कृमी असू शकते. व्हिनेगर, मीठ, वासाबी यांनी ती मरत नाही. नीट शिजवल्याने किंवा उणे २० अंशांवर २४ तास गोठवल्याने मरते. म्हणून हे तीन मासे भाजलेलेच खा. कच्चं खाल्ल्यावर काही तासांत पोटात जोराची कळ आली तर घरगुती औषध घेत बसू नका, हॉस्पिटलात जा; दुर्बीण घालून ती काढतात आणि बरं वाटतं.

गोमांसाची भीती रास्त आहे, पण ते लपतं कुठे हे कळलं की ती आटोक्यात येते. "ग्यू" म्हणजे गोमांस. करी-राइस, हांबागु (खिम्याची टिक्की, यात बहुधा गाय-डुक्कर एकत्र), बटाट्याचं म्हणून मिळणारं कोरोक्के (तळलेलं कटलेट), तपकिरी डेमिग्लास सॉस, या चार गोष्टी न विचारता घेऊ नका. टोकियोकडे नुसतं "निकु" लिहिलेलं असेल तर ते पुष्कळदा डुकराचं निघतं, ओसाका-क्योतोत मात्र "निकु" म्हणजे गोमांसच, निकु-उदोनमध्ये तेच असतं. डुक्करही टाळायचं असेल तर नेहमीची रामेन विसरा, आणि तोन्कात्सुच्या, म्हणजे तळलेल्या डुकराच्या मांसाच्या, दुकानात कोळंबी तळलेली घेऊ नका, तळणीत चरबी असू शकते. मासळीच्या, सोबाच्या, सुशीच्या दुकानात तुम्ही बऱ्याच निर्धास्त.

साकेबद्दल. जरूर चाखा, फक्त ती बिअरसारखी पिऊ नका. तिच्यात अल्कोहोल १५ ते १६ टक्के, बिअरच्या जवळजवळ तिप्पट. रक्तदाब, मधुमेह किंवा झोपेची गोळी चालू असेल तर जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, हा प्रश्न विचारायला संकोच नको. क्योतोचं फुशिमी हे जुन्या साके-भट्ट्यांचं गाव. तिथे १६३७ पासून चालत आलेल्या गेक्केइकानचं संग्रहालय आहे आणि शेवटी चव बघायला मिळते. दुकानात "नोमिकुराबे" मागितलं तर तीन लहान पेल्यांत तीन प्रकार येतात. एक "गो", म्हणजे १८० मिलिलिटर, एकट्याने मागवू नका. मुलीबरोबर वाटून घ्या, दोघींनी एकमेकींचा पेला भरायचा. प्रत्येक घोटाइतकंच पाणीही प्यायचं. "गिंजो" थंड घ्या, फळांसारखा वास येतो; "जुन्माइ" कोमट, ४० अंशांच्या आसपास, भाजलेल्या माशाबरोबर फार छान. तिखट वाटली तर उमेशु, म्हणजे आंबटगोड उमे घालून केलेली, सोडा टाकून. यजमानांसाठी तांदळाच्या कोजीची (आंबवणाची) आमाझाके हे गोड पेय मागवा. तिच्यात अल्कोहोल नसतो. साकेच्या चोथ्याची आमाझाके मात्र वेगळी, तिच्यात थोडा असतो. जेवणाबरोबर सातूसारख्या बार्लीचा चहा, मुगिचा, तिघांनाही चालेल.

इझाकायात, म्हणजे तिथल्या साध्या पिण्या-खाण्याच्या जागी, बसलात की न मागता एक छोटी वाटी समोर येते, ओतोशी. तिचे साधारण ३०० ते ५०० येन बिलात लागतात आणि तिच्यात बहुधा मासा किंवा दाशी असते. ती बसण्याची फी समजा, यजमानांच्या वाट्याची तुम्ही खा. टिप कुठेच द्यायची नाही.

"बरं दिसेल का" याचं उत्तर मी तुमच्या दिनक्रमातून देते. क्योतोचा एक दिवस असा ठेवा: सकाळी खोलीवर पोहे आणि फळं, दुपारी तिघांनी शिगेत्सुत शोजिन, चार वाजता माच्चा (हिरवा चहा) आणि वाराबिमोची, सहाला यजमान खोलीवर भात-मेतकूट खाऊन पाय पसरतील आणि तुम्ही मुलीला घेऊन सावारा खायला बाहेर पडाल. तासाभराचा प्रश्न. दिवसभरात ६४ वर्षांचा माणूस पंधरा हजार पावलं चाललेला असतो, त्यालाही तो तास हवाच असतो. यात त्यांचे कसले हाल? हाल होतात ते रात्री आठला चौथ्या हॉटेलच्या दारात "यात मासा आहे का" विचारत उभं राहिल्यावर. म्हणून हा बेत निघण्यापूर्वी दोघांनी बसून ठरवा, आणि तुम्हाला तिथली मासळी खायची आहे हे त्यांना सरळ सांगा. पत्रात तुम्ही मला सांगितलंत, त्यांना सांगितल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

नोंदणीचा क्रम: कोयासान सगळ्यात आधी, मग शिगेत्सु, मग हॉटेलं. र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी मुक्कामाच्या जागी, राहणार असाल तर जेवणाशिवायचा दर घ्या, त्याला "सुदोमारी" म्हणतात. कारण तिथलं रात्रीचं जेवण आधी ठरलेलं असतं आणि आयत्या वेळी बदलत नाहीत. जेवणासकट हवं असेल तर कार्डाचा मजकूर नोंदणीच्या वेळीच पाठवा आणि लेखी होकार आल्याशिवाय पैसे भरू नका. दुपारची हॉटेलं बहुधा दोनच्या सुमारास बंद होऊन पाच-साडेपाचला उघडतात, शेवटची ऑर्डर बंद होण्याच्या अर्धा तास आधी. विमानातलं शाकाहारी जेवण किमान २४ तास आधी सांगावं लागतं, आणि ते परतीच्या विमानासाठीही वेगळं तपासून घ्या. जाताना सांगितलं म्हणजे येताना मिळेलच असं नसतं. कार्डं छापून घेण्याचं काम मुलीवर सोपवा, दोन्हीच्या तीन-तीन प्रती.